भेंडाच्या पंखाचं विमान

माय, तुला वाचता येत नव्हतं, म्हणून तुझ्या नावानं मी कधी पत्र लिहिलं नाही. हैदराबादेहून लिहायचो ते वडिलांना, आपल्या दादांना. शेजारचे पटवारी ते वाचून दाखवायचे, आणि शेवटच्या ओळीत ‘मायला नमस्कार’ एवढंच तुझ्या वाट्याला यायचं. तू गेलीस तेव्हा चाळिशीचीही नव्हतीस. आज मी तुझ्या दुप्पट वयाचा आहे आणि पहिल्यांदाच तुला लिहितो आहे.

आपलं चौसाळ्याचं घर आठवतं तेव्हा आधी खळीचा वास येतो. चुलीवर एकीकडं कालवण आणि दुसरीकडं मैद्याची खळ. फळीवर बाशिंगांसाठी तळ्याकाठून आणलेल्या भेंडाच्या पांढऱ्या कांड्या, इतक्या हलक्या की दार उघडं राहिलं की वाऱ्यानं घरभर लोळायच्या. दादा बाजार करायचे, बाशिंगं मात्र तूच बनवायचीस. पंचक्रोशीतल्या किती नवरदेवांच्या कपाळाला तुझ्या हातची बाशिंगं लागली असतील, सांगता येणार नाही. त्या वर्षी लग्नसराई सरली होती, मी बीडच्या शाळेतून सुट्टीला आलो होतो, आणि मामा हैदराबादेहून ती पेटी घेऊन आला. तो तिथं विलायती खेळण्यांच्या दुकानात हमाली करायचा. पेटीत पाणी शिरलं म्हणून मालकानं ती त्याला देऊन टाकली होती. झाकणावर विमानाचं रंगीत चित्र. आत पातळ लाकडाच्या पट्ट्या, तलम कागद, रबराची दोरी, पुढं फिरणारा पंखा आणि घडी घातलेला मोठा नकाशा. सगळा मजकूर इंग्रजी. मला थोडं उर्दू आणि मराठी वाचता यायचं, तुला तेही नाही. तू नकाशा जमिनीवर पसरलास, चारी कोपऱ्यांवर वाट्या ठेवल्यास आणि बराच वेळ त्याच्याभोवती गुडघ्यांवर फिरत राहिलीस.

“हे खऱ्याच्या मानानं केवढं आसंल?” तू विचारलंस. मी झाकणावरचे आकडे बघून सांगितलं, खरं याच्या चोवीसपट मोठं असतं. “मग आत माणूस बसायला जागा पायजे,” तू म्हणालीस. नकाशात बैठक नव्हती. तरी बोटाच्या पेराएवढी बैठक आत बसवल्याशिवाय तू वरचा भाग बंद करू दिला नाहीस.

मोठे साहेब शाळा तपासायला येणार होते आणि प्रत्येकानं स्वतःच्या हातानं बनवलेली एक वस्तू आणायची, असा हुकूम होता. म्हणून सुरुवात मीच केली. पंखाच्या फासळ्या कापताना पहिली मोडली, दुसरी मोडली, तिसऱ्या वेळी तू माझ्या हातातली सुरी काढून घेतलीस. “हाताला घाई कावून? लाकूड काय पळून चाललंय?” म्हणालीस. मला राग आला आणि मी पोरांबरोबर नदीवर निघून गेलो. संध्याकाळी परतलो तेव्हा एक पंख उभा होता. दुसऱ्या पंखाचं लाकूड पेटीतच कुजून गेलेलं, तर तू त्या फासळ्या भेंडातून काढल्यास. मग रोज असंच होत गेलं. सकाळी मी थोडा वेळ बसायचो, कंटाळलो की जायचो, आणि आलो की विमान थोडं पुढं गेलेलं असायचं. पेटीतला चिकटा वाळून गेला होता, तू बाभळीचा डिंक भिजवलास. कागद चढवला तर त्याला सुरकुत्या पडल्या. मी म्हटलं, वाया गेलं. तू तोंडात पाणी घेतलंस आणि कागदावर बारीक फवारा मारलास. वाळल्यावर तो कागद ढोलकीच्या पानासारखा ताणून बसला. मी काय केलं म्हणशील तर चाकं. दोन चाकं दगडावर घासून गोल केली, तेवढीच.

विमान मोडू नये म्हणून ते घेऊन तूच बीडला आलीस. पावसाची उघडीप बघून दादांनी गाडी जुंपली आणि तू अख्खा दिवस विमान मांडीवर धरून बसलीस. खाचखळगा आला की दोन्ही हातांनी ते उचलून धरायचीस आणि स्वतः हिसके सोसायचीस. दुसऱ्या दिवशी शाळेच्या पटांगणात टेबलं मांडली होती. कुणी मातीचे बैल आणले होते, कुणी दोरखंड, कुणी टोपली. साहेब आपल्या विमानापाशी थांबले. मी पंखा बोटानं उलटा फिरवून रबराला पीळ दिला आणि सोडलं. ते पटांगणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलं आणि अलगद उतरलं. साहेबांनी स्वतः जाऊन ते उचलून आणलं, भेंडाच्या पंखावरून बोट फिरवलं आणि विचारलं, “किसने बनाया?”

“मैंने, साब.”

“अकेले?”

“जी.”

मग त्यांचं लक्ष तुझ्याकडं गेलं. तू भिंतीशी पदर सावरून उभी होतीस. “ये कौन हैं?”

“मेरी माँ है, साब. लेके आयी.”

खोटं काहीच नव्हतं त्यात, माय. तूच आणलं होतंस. साहेब तुझ्याकडं बघून हसले आणि हेडमास्तरांना म्हणाले, या पोराचे हात असे वाया जाऊ देऊ नका, याला हैदराबादेला कारखान्याच्या शाळेत पाठवा. तुला उर्दू कळली नसेल अशी समजूत मी पुढं कित्येक वर्षं करून घेतली. पण बाजारातली दखनी उर्दू तुला माझ्याहून चांगली यायची. मुसलमान बायांशी तू तासन्‌तास बोलायचीस. तुला सगळं कळलं होतं.

दुपारी मी गाडीबरोबर वेशीपर्यंत आलो. मला वाटलं, तू आता बोलशील. तू फडक्यातली भाकरी काढून माझ्या हातावर ठेवलीस. गाडी हलली तेव्हा म्हणालीस, “चाकं लई चांगली केलतीस.” बस, एवढंच. टोमणा नव्हता तो, टोमणे मारायची तुझी रीतच नव्हती. तुला ती चाकं खरंच आवडली होती, आणि त्याचाच मला अजून त्रास होतो.

हैदराबादेला कारखान्याच्या शाळेत उस्तादांनी पहिल्याच महिन्यात नकाशा आणि लाकूड पुढं ठेवलं. मी ते सगळं खराब केलं. ते ओरडले नाहीत. हळूच म्हणाले, “ते विमान तुझं नव्हतं, खरं ना?” त्यांनी मला भांडारात घातलं. खिळे, मळसूत्रं, पत्रे मोजून द्यायचे आणि मोजून घ्यायचे. पुढं सगळी नोकरी त्यातच झाली. तिथं जरा इंग्रजी शिकलो तेव्हा ट्रंकेतला तो जुना नकाशा काढून वाचला. खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं, कागद ताणून बसण्यासाठी त्यावर पाण्याचा हलका फवारा मारावा.

पण याहून वाईट गोष्ट पुढच्या सुट्टीतली आहे. “उस्ताद काय म्हणले?” तू विचारलंस. मी म्हटलं, खूश आहेत. तेव्हा तू फळीवरून फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी काढलंस. दुसरं विमान. नकाशा माझ्याजवळ होता, तू नुसत्या आठवणीवर बनवलं होतंस, नखशिखांत भेंडाचं. “तिकडं दावायला लागंल, म्हणलं करून ठिवावं.” ते पहिल्यापेक्षा सुबक होतं. मला तिथल्या तिथं रडू यायला हवं होतं. मी म्हणालो, “माय, असले पोरखेळ आता नको. तिकडं लोखंडाचं काम असतंय.”

“बरं,” तू म्हणालीस.

दुसऱ्या दिवशी दुपारी तू त्याचे पंख सोडवून एका बाशिंगाला लावत होतीस. मी दारातून पाहिलं आणि आत आलो नाही. पुढच्या लग्नसराईत तापानं तू गेलीस. दादांचा निरोप मिळून मी पोचलो तेव्हा तिसरा दिवसही उलटला होता. घरात अर्धवट बाशिंगं पडली होती आणि लोक ती मागायला येत होते. दादा त्यांना हात जोडून परत पाठवत होते.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, हे लिहायला बसतानाच माहीत होतं. परवा नातीनं विमानाचा एक संच आणला, प्लास्टिकचा, डिंकासकट. टेबलावर तुकडे मांडता मांडता तिनं विचारलं, “आजोबा, तुम्ही कधी बनवलं होतं का असं?” मी म्हणालो, “हो, एक बनवलं होतं. उडायचंसुद्धा.” तिनं केवढ्या कौतुकानं बघितलं. त्याच दिवशी ठरवलं, आधी तुला सगळं लिहायचं आणि मग तिला हाक मारून खरं काय ते सांगायचं. लिहून झालं आहे. ती बाहेरच्या खोलीतच आहे, मला तिचा आवाज येतो आहे. मी अजून हाक मारलेली नाही.