रेक्टरबाईंची मान किती वेगाने फिरावी

चि. धाकट्यास,

थोरल्या बहिणीचे आशीर्वाद. तुझा गुडघा आता कुरकुरत नसेल आणि तुझ्या बायकोचा खोकला थांबला असेल असे धरून चालते, कारण विचारपूस करण्याच्या मनःस्थितीत मी नाही. मी संतापले आहे, आणि तो संताप तुझ्या मुलीवर आहे, म्हणजे ओघाने तुझ्यावर. (लाडावून कोणी ठेवली?)

ती आणि तिचे दोघे सोबती व्हिडिओ गेम बनवतात हे तुला ठाऊक आहेच. ऑफिस म्हणजे दवाखान्याच्या वरची एक खोली. खुर्च्या चार, त्यांतली धड एक, आणि वायरी इतक्या की पाय टाकावा तर कोणाचे तरी काम बंद पडते. त्यांच्या गेममध्ये वसतिगृहातली मुले पळ काढतात आणि दारात बसलेल्या रेक्टरबाई मान फिरवून त्यांना पकडतात. ती मान किती वेगाने फिरते हे कोणत्या मापात लिहायचे, यावर तिघांची जुंपली. तुझी मुलगी म्हणे अंशांत, शाळेत तेच शिकवतात. प्रोग्रॅम लिहिणारा दाढीवाला म्हणे रेडियनमध्ये, कॉम्प्युटरला तेच पटते. चित्रे काढणारी म्हणे मिनिटाला किती फेऱ्या ते लिहा, पंख्याच्या खोक्यावर तसेच असते. शेवटी मला बोलावणे आले. "आत्या, तू गणित शिकवलंयस, तू सांगशील ते फायनल."

मी गेले (स्वखर्चाने). पूर्ण फेरीचे तीनशे साठ अंश माणसाने सोयीसाठी ठरवले. रेडियन वर्तुळाच्या स्वतःच्या त्रिज्येतून निघतो आणि पूर्ण फेरीत सव्वासहाच्या जरासे वर भरतो. म्हणून रेडियन, असा मी निकाल दिला. तिघांनी माना डोलावल्या. (डोलणाऱ्या मानांचा अर्थ आम्ही शिक्षक चांगला ओळखतो, पण त्या दिवशी चहा बरा होता.)

शनिवारी गेम विकत घेऊ पाहणारे दोन पाहुणे आले. धड खुर्ची देऊन मला सगळ्यांत पुढे बसवले. पडदा उजळला आणि दारात रेक्टरबाई. अंबाडा माझा, साखळीचा चष्मा माझा, हनुवटीसुद्धा माझीच. मला कोणी विचारले होते? मी तोंड उघडणार तोच एक पोरगा पळाला, बाईंनी मान वळवली आणि ती थांबेचना. या शहाण्यांनी 'अंश' खोडून 'रेडियन' लिहिले होते, आकडा मात्र नव्वदचा नव्वदच. डबा तोच, चिठ्ठी तेवढी बदलली. सेकंदाला पाव फेरी घ्यायची ती मान चौदा फेऱ्या घेऊ लागली, भोवऱ्याने लाजावे. पाहुणे हसून हसून खुर्च्यांवरून घसरले (खुर्च्यांचाही त्यात हातभार होता). दाढीवाला पुटपुटला, "रेडियन तुम्हीच म्हणालात ना, बाई." म्हणजे चोर तो चोर, वर शिरजोर. मी म्हटले, "मी माप बदलायला सांगितलं, अक्कल गहाण टाकायला नाही."

आता कहर ऐक. पाहुणे गेम घ्यायला तयार आहेत, पण अट एकच: मान अशीच गरगर फिरली पाहिजे. तुझी मुलगी रोज फोन करून म्हणते, "आत्या, तू हो म्हटल्याशिवाय मी पुढे नाही जाणार." मी फोन उचलते आणि ठेवते. ही मान नुसती वळली की वर्ग चिडीचूप व्हायचा. तिचा आता पंखा होणार. तू बाप आहेस, तिला समज दे.

तुझी,
थोरली

ता. क. समज देताना आवाज चढवू नकोस. या गेमपायी तिने चांगली नोकरी सोडली आहे, आणि मुलगी कष्टाळू आहे.

आणखी ता. क. चौदा फेऱ्यांत चेहरा दिसतच नाही, नुसता अंबाडा भिरभिरतो. (गेम तिने माझ्या फोनवर घालून दिला आहे, केवळ तपासणीसाठी.) शेजारणीला दाखवला तर म्हणाली, ही कोणीही असेल. तेव्हा लेकीला सांग, सेकंदाला दोन फेऱ्या पुरेत. पाहुण्यांनाही हसू येईल आणि माणूस ओळखूही येईल. आकडा साडेबारा घालावा. साडेबारा रेडियन. अंश घातले, तर बाई अर्धा मिनिट वळतच राहतील आणि तेवढ्यात अख्खे वसतिगृह रिकामे होईल. माझ्या दारातून आजवर एकही पोर निसटलेले नाही.