न बुडवलेले बूट

६ जून
आज पोहोचले. स्वच्छ ऊन आहे, खोली लहान पण उबदार आहे, आणि टेबलापाशी बसलं की खिडकीतून शेर्वा नदी दिसते. मी खूश आहे असं लिहायला हरकत नाही. हाल्वार दारातच गरम वाफल्सची ताटली घेऊन उभा होता. पंचाहत्तरचा आहे, नदीचा हा पट्टा त्याच्या वडिलांपासून त्याच्याकडे आहे. म्हणाला, बाई, इथे तीन गोष्टी फुकट मिळतात, डास, कॉफी आणि माझे सल्ले, त्यातली कॉफी तेवढी चांगली आहे.

काम सोपं आहे. दुसऱ्या नदीवरून येणाऱ्या प्रत्येक गळवाल्याचे बूट, जाळी आणि काठी औषधाच्या टबात दहा मिनिटं बुडवायची, वाळवायची आणि दाखल्यावर सही करायची. ओल्या बुटातून एका नदीची कीड दुसरीत जाते. सोळा वर्षांपूर्वी ती इथे शिरली होती, तेव्हा शेर्वात विष सोडून एकूण एक मासा मारावा लागला. हाल्वारने विचारलं, तुझं सामान बुडवलंस ना. मी हो म्हटलं.

बुडवलेलं नाही. माझ्याकडचं सामान माझ्या नवऱ्याचं, ऐविंदचं आहे. चौदा महिन्यांपूर्वी ऊल्मा नदीला पूर आला, त्यात तो गेला. काठी आणि पिशवी काठावर होती. छातीपर्यंतचे रबरी बूट दोन मैल खाली मुळांत अडकलेले सापडले, रिकामे. तो सापडला नाही. बुटांच्या आत अजून त्याचा वास आहे, तंबाखू आणि ओली लोकर. औषधात तो गेला असता. इथे मी सही केलेला पहिला दाखला माझाच.

८ जून
पहाटे चारला नदीवर गेले. या दिवसांत इथे अंधार होतच नाही, फक्त उजेड थोडा फिका पडतो. दोन जोड्या मोजे घालूनही ऐविंदचे बूट मला सैल होतात. त्याने शिकवलं होतं तशी गळ जोडलेली पितळी फिरकी तिरकी, प्रवाहाच्या वरच्या बाजूला टाकली. तीन आकडे मोजायचे, मग रीळ पाण्यापेक्षा जरा जलद फिरवायचं. फिरकी नीट फिरत असली की तंगुसाच्या दोरीतून बोटांना बारीक थरथर लागते. दोन तास तेवढंच, मासा नाही. बरं वाटलं.

परत आल्यावर डाव्या बुटात पाणी निघालं. बूट कुठे फाटलेला नाही.

दुपारी एक डॅनिश दंतवैद्य टबापाशी कुरकुरत होता की तुम्ही माझ्या बायकोपेक्षा संशयी आहात. मी म्हटलं, तिची सही इथे चालत नाही. बऱ्याच दिवसांनी कुणीतरी माझ्या बोलण्यावर हसलं.

१० जून
ट्राउट मिळाला, हातभर लांब. लागला तेव्हा झटका नाही, ओढ नाही. ओला मोजा ओढावा तसा आला. जाळीत घेतला तर त्याचं पोट उघडं होतं. साफ केलेला मासा, आतडी काढलेली, चीर गळ्यापासून खालपर्यंत सरळ. कल्ले मात्र उघडत मिटत होते.

कण्यालगतची काळ्या रक्ताची रेघ तेवढी राहिली होती. ऐविंद ती कधीच खरवडायचा नाही. एकोणतीस वर्षं मी त्यावरून त्याला बोलले.

मी ती अंगठ्याच्या नखाने काढली. मासा लोण्यात तळला, उकडलेल्या बटाट्यांबरोबर खाल्ला. चव नेहमीची होती.

११ जून
आज दोन. तसेच.

वाचनालयातून आणलेलं माशांचं जाड पुस्तक सगळं चाळलं. आजार पुष्कळ दिले आहेत, हा नाही. पुस्तकं माझ्याशी कधी खोटं बोलली नाहीत, पण ती गप्प बसतात.

हाल्वार म्हणाला, रोज तळणीचा वास येतो आणि काठावर आतडी दिसत नाहीत, माझ्या समुद्रपक्ष्यांनी तक्रार केली आहे, एवढी टापटीप बाई नको म्हणतात. मी त्याला कॉफी ओतली.

१३ जून
आज हाल्वारलाही एक मिळाला. टबाशेजारच्या टेबलावर ठेवला आणि काही विनोद केला नाही. कल्ले अजून चालू होते.

सरळ विचारलं की प्रत्येक बूट बुडवला होता का. मी हो म्हटलं. विषाच्या वर्षी त्याने स्वतः दाताळ्याने मेलेले मासे काठावर ओढले होते, अकरा दिवस. म्हणाला, बापाची नदी एकदा मारली, दुसऱ्यांदा मारायला मी जिवंत राहणार नाही. मग म्हणाला, तुझ्या सहीवर माझा विश्वास आहे, बाई. परवा सकाळी डोहात उतरून बघतो, खाली काय आहे ते.

१४ जून
त्याला सांगायचं ठरवलं होतं. आधी बूट बुडवायचे, मग सांगायचं. टब भरला, बूट उचलले. आत गुडघ्यापर्यंत पाणी होतं. मी हात घातला.

कोमट होतं. आत्ताच कुणी पाय काढावेत तसं.

टब तसाच ठेवला. सांगितलं नाही. उद्या तो उतरायच्या आधी सांगेन.

१५ जून
मी उठले तेव्हा तो उतरला होता.

डोहात कमरेएवढ्या पाण्यात उभा होता, पाठ माझ्याकडे. तीन हाका मारल्या. दंतवैद्य आणि मी त्याला बाहेर ओढलं. जड नव्हता — तेच मला — मुळीच जड नव्हता.

डॉक्टर आली. तिने कोटाची बटणं उघडली, आत पाहिलं आणि पुन्हा सगळी लावली. बुडून नाही, एवढंच म्हणाली.

मला रडू आलं नाही. टबाचं पाणी बदललं.

१६ जून
सगळं बुडवलं. बूट, काठी, पिशवी. औषध दुप्पट घातलं. दहा मिनिटं नाही, पूर्ण दिवस. वास गेला. बुटात तोंड घालून पाहिलं, रबर आणि औषध, बाकी काही नाही.

पण दाखल्याच्या मागेच छापलंय — आधी बुडवा, नंतर उपयोग नाही. ऐविंद आता बुटात नाही. नदीत आहे. मीच आणला.

१७ जून
पहाट. काठावर बसून लिहिते आहे, वही गुडघ्यावर. कुणाला सापडली तर — कुणालाही पाण्यात उतरू देऊ नका. हाल्वारची चूक नाही. सही माझी.

ऐविंदला परत जा म्हणायला आले आहे. दुसरं मला सुचत नाही. फिरकी डोहात टाकली. तीन आकडे. थरथर आली आणि थांबली.

वजन आहे. ओढत नाही. चालत येतंय. तंगूस सैल पडतो, मी गुंडाळते, पुन्हा सैल पडतो —

डोकं वर आलंय. केस डोळ्यांवर. खांदे त्याचेच, डावा जरा खाली —

चाकू हातात आहे. तंगूस कापायचा आणि मागे न बघता चालत जायचं. एवढंच करायचंय. कापते. त्याआधी एकदाच केस बाजूला करून त्याचा चेहरा —