बर्निसच्या कागदातली ओळ

राजूरजवळून,
११ मार्च १९७३

प्रिय बर्निस,

तुला वाचायला सोपं जावं म्हणून अक्षर मोठं काढते आहे. तिकडे अमेरिकेत जाऊन वर्ष झालं तरी तू मराठी विसरली नसशील. इथल्या बायका तुला विसरलेल्या नाहीत. 'बरनीबाई कवा येनार?' असं राहीबाई मला दर बाजाराला विचारायची. तिचा मुलगा आता चालतो. दवाखान्यात तुझ्या जागी कोणीच आलं नाही. मी एकटीच नर्स आहे.

परवा डॉक्टरांनी 'चांगुणाबाई' अशी हाक मारली आणि तुझी आठवण आली. तू येण्याआधी मी त्यांची नुसती 'ए चांगुणे' होते. एकदा आपण दोघी सुया उकळत बसलो होतो, तेव्हा तू आईची हकिगत सांगितलीस. तिकडच्या इस्पितळात गोऱ्या नर्सना 'मिस' म्हणायचे आणि तुझ्या आईला, काळी म्हणून, नुसत्या नावाने हाक मारायचे. एके दिवशी तिने ओ देणंच सोडलं. नोकरी गेली, तरी ती महिनाभर फलक घेऊन फाटकाशी उभी राहिली, आणि नऊ वर्षांची तू तिच्या शेजारी. हे सांगितलंस आणि दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांना म्हणालीस, 'कंपाउंडरला तुम्ही भिमाजीराव म्हणता, मग हिला चांगुणाबाई का नाही?'

पुढे राहीबाई अडली. तिची आधीची दोन्ही बाळंतपणं माझ्या हातची. पण त्या दिवशी ती कळा देता देता ओरडली, 'चांगुणा नको, बरनीबाईला बोलवा!' तू मूल सुखरूप सोडवलंस. मी कोपऱ्यात पाणी तापवत मनातून जळत होते.

त्याच आठवड्यात तालुक्याच्या गावाहून, अकोल्याहून, पुढारी आप्पासाहेब आले. बाळंतिणींच्या नव्या खोलीचं उद्घाटन त्यांना अमेरिकन पाहुणीच्या हातून करायचं होतं. तुला बघून त्यांनी मला बाजूला घेतलं. 'अमेरिकेची म्हनून सांगितलं, आन् ही तर आपल्याहून काळी! फोटूत काय दिसंल? एखादी गोरी न्हाई का मिळनार?' तुझ्या आईची हकिगत मला ठाऊक होती. तरी मी हसले.

महिन्याच्या आत, तुला इथे पाठवणाऱ्या तुमच्या अमेरिकन संस्थेच्या मुंबईच्या कचेरीने तुला परत बोलावलं. एसटीपाशी मी रडू लागले, तर तूच माझ्या पाठीवरून हात फिरवलास. 'रडू नको चांगुणा, मला याची सवय आहे.'

गेल्या आठवड्यात तुझं पत्र आलं. नर्सिंगच्या शाळेतली तुझी शिक्षिकेची जागा, मुंबईच्या कचेरीने तुझ्याबद्दल पाठवलेल्या कागदातल्या एका ओळीपायी अडली आहे: 'गावातल्या बायका हिच्याकडून बाळंतपण करून घेत नाहीत.' ही ओळ खोटी आहे एवढं मी लिहून द्यावं, तुला दुसरं कोणाला विचारावंसं वाटत नाही, असं तू लिहिलं आहेस. बर्निस, ती ओळ माझी आहे. आप्पासाहेबांनी मला धमकावलं नव्हतं. धमकावलं असतं तर आज सांगायला तरी बरं झालं असतं. ते गेल्यावर मी आपण होऊन कचेरीला पत्र लिहिलं. सोबत दोन कागद आहेत. एकावर, तू आमची बाळंतपणं केलीस असं लिहून, एकवीस बायकांचे अंगठे आहेत. ते घेण्याआधी मी प्रत्येकीला माझं करणं सांगितलं. राहीबाईने अंगठा दिला, पण तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. दुसऱ्या कागदावर मी ते खोटं इंग्रजीत कबूल करून पूर्ण नावानिशी सही केली आहे. त्याची नक्कल डॉक्टरांनाही दिली. तो कागद हवा तिथे दाखव, माझा विचार करू नकोस.

'तुझीच' असं लिहायला हात धजत नाही,
चांगुणा