शंभर म्हणालो होतो

मालाड, मार्चचा दुसरा रविवार

प्रिय मानसी,

तुझ्या विदूदादाच्या तेराव्याला मी आलो नाही आणि नंतर सात महिने तोंड दाखवलं नाही, त्यामुळे हे पाकीट तू न फोडताच टाकून देशील अशी अर्धीअधिक खात्री आहे. फोनवर लिहिलं असतं तर तू ब्लॉक करून मोकळी झाली असतीस. कागद जरा वेळ घरात पडून राहतो, म्हणून कागद.

मी सध्या मालाडला असतो, घरोघर पाण्याचे फिल्टर दुरुस्त करतो. त्याआधी दोन महिने वेंगुर्ल्याला एका खानावळीत होतो, त्याआधी कुठे होतो ते मलाच नीट आठवत नाही. विदू म्हणायचा ना, "सर्व्या, तू कॉलेज अर्धं सोडलंस ते समजू शकतो, चहा अर्धा का सोडतोस रे?" काल एका बाईंच्या फिल्टरचं झाकण उघडं टाकून मी त्यांच्या गच्चीवरून खाडीतले बगळे बघत बसलो. बाई खालून ओरडतायत, "अहो, पाणी वाहतंय!" असो. भरकटलो.

मानसी, मला रोज सकाळी सहा चाळीसला विदूचा मेल येतो.

घाबरू नकोस, त्यात भुताटकी नाही. दादा ज्या 'कणगी'वर काम करायचा ना, तो डेटाबेस, म्हणजे नोंदी साठवायचं सॉफ्टवेअर. फुकट, कुणा एकाच्या मालकीचं नाही, जगभरातली पंधरा-वीस माणसं हौसेनं लिहितात. त्यात विदूनं एक सोय केली. नोंदी लिहिता लिहिता वीज गेली, तर परत आल्यावर कणगीनं आपली आपण सावरायचं, लिहून झालेली एकही नोंद हरवायची नाही. त्या सोयीवर अजून 'प्रायोगिक' असा शिक्का आहे. त्याच्या खोलीतली ती काळी कॉम्प्युटरची पेटी रोज सकाळी ही सोय तपासते आणि गटातल्या सगळ्यांना त्याच्या नावानं कळवते, "सर्व ठीक. विद्याधर." तो गेला, पण पेटी कुणी बंद केली नाही. तुमच्या शेजारचा धवल सांगत होता, प्रेमाकाकू रोज लेकाच्या त्या पेटीवरची धूळ पुसतात आणि हिरवा दिवा चालू आहे ना ते बघून मगच आंघोळीला जातात.

मीही तेच करतो गं, फक्त इथून. दात घासताना फोन थरथरतो. सर्व ठीक. विद्याधर. डिसेंबरात एकदा तो मेल बारा मिनिटं उशिरा आला. मी कुर्ल्याच्या पुलावर होतो. तिथेच कठड्याला टेकून उभा राहिलो. एक बाई विचारायला लागली, "चक्कर आली का रे बाळा?" तिला काय सांगणार, की मेलेला मित्र आज लेट आहे?

तो शिक्का कधी काढायचा यावर गटात वर्षभर भांडण चाललं होतं. बऱ्याच जणांचं म्हणणं, दोन वर्षांत एकही तक्रार नाही, काढून टाका. विदूच आडवा पडला. त्याची स्वतःची सोय, तरी! म्हणाला, "तक्रार नाही म्हणजे बरं चाललंय असं कुणी सांगितलं? कुणी वापरतच नसेल." शेवटी त्याच्याच हट्टानं नियम झाला. ज्यांनी ती सोय लिहिलेली नाही अशा दोघांनी, नोंदी चालू असताना, स्वतःच्या हातानं शंभर वेळा प्लग ओढायचा, दर वेळी नोंदी मोजायच्या आणि तसं लिहून द्यायचं. एक होत्या परदेशातल्या निवृत्त शिक्षिका. दुसरा मी. मला कोड कुठे येतं? पण तो म्हणाला, "हळुवारपणे प्लग काढणारे पुष्कळ आहेत. मला तुझ्यासारखा आडदांड पाहिजे."

गेल्या मे महिन्यात तुम्ही सगळे कुडाळला लग्नाला गेलात, तेव्हा चावी माझ्याकडे होती. तुम्हाला वाटलं झाडांना पाणी घालायला. तेही घातलं, जास्वंद सोडून. तिचं नंतर काय झालं ते तुला माहीत आहे, सॉरी. चार दिवसांनी मी गटाला लिहून दिलं, "शंभर वेळा ओढला. सर्व ठीक."

ऑगस्टमधल्या त्या बुधवारी विदूचा मेसेज आला, "सर्व्या, खरंच शंभर?" मी अंगठा पाठवला. शुक्रवारी हायवेवर तो अपघात झाला. तेराव्याला मी मुलुंड स्टेशनपर्यंत आलो होतो. तुमच्या घरी त्याच्या फोटोसमोर बसायचं आणि त्यानं तोच प्रश्न विचारत बघायचं, हे काही जमेना. आलेल्या गाडीनं परत गेलो.

आता गटानं ठरवलंय, एक तारखेला शिक्का काढायचा, विदूच्या आठवणीत. सगळ्यांनी काय सुंदर लिहिलंय त्याच्याबद्दल. आणि ट्रॉम्बेला एका छोट्या दवाखान्यात मालनताई आहेत, टीबीच्या तीनशे पेशंटांचे डोस वहीत लिहितात. वहीऐवजी कणगी वापरा म्हणून सांगायला विदूच मला घेऊन गेला होता त्यांच्याकडे. तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "प्रायोगिक औषध मी पेशंटला देत नाही, मग प्रायोगिक डबा कशाला वापरू? शिक्का निघाला की सांगा." परवा त्यांचा फोन आला. "निघतोय म्हणे! मग एक तारखेपासून वह्या बंद ना?" तिथे दिवसातून चारदा वीज जाते, मानसी.

मी अकरा वेळा ओढला होता.

आणि अकराव्या वेळी पेटीनं 'लिहून झाली' म्हणून सांगितलेली शेवटची नोंद होती चारशे बारावी. परत चालू केल्यावर सापडल्या चारशे अकरा. मी दोनदा मोजल्या. विदूची दोन वर्षं होती त्या सोयीत. ऑफिसातून आल्यावर, ताट मांडीवर घेऊन लिहिलेली. मी स्वतःला सांगितलं, आपलंच चुकलं असेल, आपल्याला काय कळतं. बाराव्यांदा ओढायची हिंमत झाली नाही. तेवढ्यात खाली मित्राच्या बाइकचा हॉर्न वाजला आणि मी येऊरला निघून गेलो. आणि आता पेटी रोज सर्व ठीक म्हणते यात काय नवल? ती वीज गेल्याचं नुसतं सोंग करते. तुमच्याकडे इन्व्हर्टर आहे. सात महिन्यांत तिचा प्लग कुणी ओढलेलाच नाही.

काल मी गटाला सगळं लिहून टाकलं, अकरा आणि ती हरवलेली नोंद. मालनताईंनाही सांगितलं, वह्या बंद करू नका. त्या म्हणाल्या, "आत्ता सांगतोस?" गटातल्या एकानं मला नाही नाही ते सुनावलं, ते बरोबरच आहे. पण एक नोंद खरंच हरवते का, हे त्याच पेटीवर बघावं लागेल. माझ्या लॅपटॉपला बॅटरी आहे, त्याला प्लग ओढल्याचं काही वाटत नाही. म्हणून हे पत्र. पुढच्या रविवारी, सहा चाळीसचा मेल येऊन गेला की मी येतो. शंभर वेळा तो हिरवा दिवा विझेल. डिस्क जुनी आहे, एखाद्या वेळी परत चालू होणारही नाही, आणि मग तो मेल कायमचा बंद. हे काकूंना तू आधी सांग, माझ्यानं नाही सांगवणार. त्या दारातच "मेल्या, इतके दिवस खंय होतंस?" म्हणतील आणि मी प्लगला हात न लावता पळून जाईन. त्या नको म्हणाल्या तर नाही येणार, गटाला कळवीन की शिक्का राहू द्या. पण विदूला मी अंगठा पाठवला होता गं. बाराव्यांदा ओढायला येऊ का?

तुझाच, तुझी जास्वंद मारणारा
सर्वेश