किल्ल्यावरचं पाणी

७८६
मुंबई, ता. ५ ऑक्टोबर १९६७

ती. अब्बा यांस, बानूचा सलाम. वि. वि.

मी हॉस्टेलवर खुशाल आहे. अम्मी बाणकोटात खुशाल आहे आणि तुम्ही कायमचे घरी यायचे दिवस मोजते आहे. माझं एम.ए. मार्चात संपलं की तिकडचं शिवणकाम बंद, असं तुम्ही तिला कबूल केलंय. मी नेमका तिथेच घोटाळा करून बसले आहे.

माझा प्रबंध कॅथर लोकांवर. सातशे वर्षांपूर्वी दक्षिण फ्रान्समध्ये हा पंथ होता. ही दुनिया सैतानाने बनवली असं ते मानत, मांस-अंडी खात नसत, बायकाही त्यांच्यात धर्मगुरू होत. पोपने त्यांच्यावर फौजा पाठवल्या. मोंसेगूर नावाच्या डोंगरी किल्ल्यावर चारेकशे माणसं दहा महिने वेढ्यात टिकली. शरण आल्यावर पंधरा दिवसांची मुदत मिळाली, की धर्म सोडा आणि घरी जा. दोनशेहून जास्त जणांनी सोडला नाही. त्यांना जिवंत जाळलं.

सर म्हणतात, खडकावर इतकी माणसं दहा महिने राहतीलच कशी, ही सगळी भाविकांची अतिशयोक्ती. मी म्हटलं, तिथे पाण्याचा हौद होता. तर म्हणाले, एका हौदाने काय फरक पडतो ते दाखव. नाहीतर दहा जानेवारीला विषय बदल, पेशव्यांच्या पत्रांवर सोपं काम देतो, मार्चात मोकळी होशील.

फ्रान्स मला कोण दाखवणार? पण रास अल खैमाजवळ डोंगरावर पडका किल्ला आहे, इंग्रजांच्या तोफांपुढे चार दिवसांत पडलेला, असं तुम्हीच लिहिलं होतं. पाणी नव्हतं म्हणून तो इतक्या लवकर पडला असेल, तर हौदाचा फरक मला दाखवता येईल. तिथे पाणी किती होतं, एवढं कुणाला तरी विचारा. विचारा म्हणते, चढा म्हणत नाही. तुमचा गुडघा मला ठाऊक आहे.

तुमच्या दुवेची भुकेली,
बानू

७८६
रास अल खैमा, ता. ६ नोव्हेंबर १९६७

चि. बानूस, अब्बाच्या पोटभर दुवा. वि. वि.

आधी हे सांग, तुझे ते लोक मासे तरी खायचे की नाही? मांस नाही, अंडी नाही आणि वर मासेही नाहीत, तर असल्या माणसांचं बाणकोटात कसं निभावणार?

विचारून कामं होत नाहीत. दहा जण दहा गोष्टी सांगतात. म्हणून शुक्रवारी नमाज झाल्यावर तय्यबच्या पिकअपमधून गेलो. हा आपल्या दापोलीकडचा, इथे ड्रायव्हर आहे. तो खालूनच म्हणायला लागला की चाचा, खलास, इथूनच बघा. मी म्हटलं, यल्ला, चल वर, माझ्या पोरीच्या सरांना खालून बघितलेलं चालणार नाही. चढलो. दोन ठिकाणी बसून, एका ठिकाणी चक्क रांगत.

वर दोन पडके बुरूज आणि मधे दगडी हौद. टेप गळ्यातच होती. घेर, उंची, सगळं घेतलं, सोबतच्या कागदावर आहे. गुडघ्याला काही झालेलं नाही. तय्यबने कुणाला वेगळं कळवलं तर विश्वास ठेवू नकोस.

तुला रोज आठवणारा,
अब्बा अलीमियाँ

७८६
मुंबई, ता. २५ नोव्हेंबर १९६७

ती. अब्बा यांस, सलाम. वि. वि.

मासे खायचे, अब्बा. मासे त्यांना चालायचे.

तुमच्या मापांनी मात्र माझी फजिती झाली. सरांनी वर्गासमोर गणित मांडलं. एवढ्या हौदात चारशे माणसांना महिनाभर पुरेल इतकं पाणी मावतं. तरी तो किल्ला चार दिवसांत पडला, म्हणजे पाण्याने काही होत नाही. माझाच दाखला माझ्यावर उलटला. सगळे हसले. मला रडू आलं.

मी विषय बदलते. तुम्ही मार्चात घरी याल, तेच बरं. आणि पुन्हा चढू नका, रमजान तोंडावर आलाय.

माया आहे ती अशीच राहू द्या.
बानू

७८६
रास अल खैमा, ता. १७ डिसेंबर १९६७

चि. बानूस, दुवा. वि. वि.

पोरी, चूक माझी. आणि चूकही अशी की शिंप्यानेच करावी. तीस वर्षं माणसं मापली ती बाहेरून. छातीला टेप बाहेरून लावायची, वर दोन बोटं सैल सोडायची. हौदालाही तश्शीच लावली! भिंत किती जाड, आत किती दगड पडलेत, डोक्यातच आलं नाही. तुझं पत्र वाचलं आणि गिऱ्हाइकासमोर कपाळावर हात मारून घेतला.

परवा पुन्हा गेलो. ईदनंतर गेलो असतो, तर पत्र दहा जानेवारीच्या आत पोचलं नसतं. मी आणि तय्यबने दगड उपसले. भिंतच दोन-दोन हात जाड. आत माझं शिलाई मशीन आणि एक स्टूल मावेल, बस्स. चारशे माणसांना एक दिवससुद्धा पुरायचं नाही. आतली मापं सोबत आहेत. सैल काही सोडलेलं नाही.

रोजा होता. वर जीभ टाळ्याला चिकटली. खाली खजुरीची बाग दिसत होती, तिथे विहीर. खरं सांगतो, त्या वेळी कुणी तोफ न आणता नुसता तांब्या दाखवला असता, तरी मी किल्ला देऊन टाकला असता. इथली माणसं चार दिवस राहिली, त्यांना माझा सलाम.

तुझे लोक हौदाच्या जोरावर दहा महिने राहिले, हे आता सरांना पटेल. पण ते पुढचे पंधरा दिवस? तेव्हा तर घरी जायची वाट मोकळी होती. ते कशावर राहिले? ते माझ्या टेपने मापता येत नाही. ते तू शोध. विषय सोडायचा नाही, समजलीस? घरी यायचं मी बघतो.

इन्शाल्ला सगळं ठीक होईल.
अब्बा

७८६
बाणकोट, ता. २१ जानेवारी १९६८

ती. अब्बा यांस, बानूचा सलाम. वि. वि.

सरांनी मापं दोनदा तपासली आणि विषय मंजूर केला. पंधरा दिवसांचा तुमचा प्रश्न वाचून दाखवला, तर म्हणाले, प्रबंध इथूनच सुरू कर. पण त्यासाठी फ्रेंच शिकायला हवं, जुने कागद वाचायला हवेत. मार्च नाही, आणखी अख्खं वर्ष. म्हणजे तुमचंही. मी तिथे हो म्हटलं नाही. बारा वर्षं अम्मी इथे एकटी ईद करते आहे, तिला न विचारता कशी म्हणू?

काल तिला सगळं सांगितलं. तिने एवढंच विचारलं, की त्या आगीत बायकाही गेल्या का. मी म्हटलं, हो, एक आई आणि तिची मुलगी बरोबर गेल्या. मुलीचा बाप मागे राहिला. मग अम्मी म्हणाली, तुझ्या अब्बांना लिही, अजून एक वर्ष राहा म्हणावं, आणि त्या डोंगरावर पुन्हा पाय ठेवला तर माझ्याशी गाठ आहे.

मग ती आत गेली आणि खूप रडली. मला बाहेर ऐकू येत होतं. आली ती तोंड धुऊनच, आणि मुंबईची बोट कधीची आहे, इथे बसून फ्रेंच येणार आहे का, म्हणून मलाच रागावली.

उद्या सकाळच्या बोटीने निघते आहे, अब्बा.

तुमची,
बानू