दोन लॅब, एक पत्ता

सोम., ३ जून
आमची रक्ततपासणीची लॅब आणि इंदूरची लॅब एक झाली. आता वेबसाइटही एकच करायची. काम आलंय सिटी सेंटरच्या आमच्या ऑफिसात, वैशालीताई आणि माझ्याकडे. ताईंची पायथनमधली राउटिंगची फाइल उघडून बसलो. कोणता पत्ता आला की कोणतं फंक्शन धावणार, ओळीखाली ओळ. इतकं साफ की वाह! माझी असती तर दिवाळीच्या आधीचा पाटणकर बाजार, नुसती रेटारेटी.

बुध., ५ जून
इंदूरचे रूट, म्हणजे त्यांच्या पत्त्यांच्या ओळी, आमच्या ओळींच्या वर चिकटवले आणि झालं म्हणून मिरवलो. ताई म्हणाल्या, "तुझ्या आईचा जुना रिपोर्ट उघडून बघ." आईच्या एसएमएसमधली लिंक दाबली. आई निघाली पुरुष, वय बावन्न, शुगर भयंकर! दोन्ही लॅबचे पत्ते सारखे, रिपोर्ट नंबरही तेच. वरून जो पहिला जुळतो तोच धावतो. आधी हसलो, मग घाम फुटला. त्यावर कुणी आईला इन्सुलिन टोचलं असतं तर...

शुक्र., ७ जून
ताईंनी नव्या पत्त्यांत लॅबचं नाव घातलं. जुन्या पत्त्यांना वेगळं छोटं फंक्शन: आधी मोबाइल नंबर विचारतं, मग ज्याचा रिपोर्ट त्यालाच. "आपल्या जयेंद्रगंज मोहल्ल्यात दोन जोशी असले तर पोस्टमन विचारतोच ना, कोणते जोशी?" मी दोन दिवस डोकं आपटत होतो. मानलं बाई! चहा माझ्याकडून.

सोम., १० जून
इंदूरच्या साहेबांचा फोन, आता आमचेही साहेब तेच. "पुराने लिंक बंद करो, झंझट खतम."
ताई: "सर, लोगों के फोन में वही पड़े हैं. डॉक्टर को वही दिखाते हैं."
ऐकेनातच. शेवटी ताई, आवाज न चढवता, "तो फिर मेरे हाथ से नहीं होगा."
काय बाई आहे! मी शेजारीच बसलेलो. अभिमान वाटला खूप, पण मान खाली घालून कीबोर्ड बडवत राहिलो.

गुरु., १३ जून
ताईंना दुसऱ्या कामावर टाकलं. फाइल माझ्याकडे. "सांभाळ रे," एवढंच म्हणाल्या. ना राग, ना कुरकुर. मलाच रडू येत होतं.

दुपारी साहेबांचा मेसेज: जुने रूट आज संध्याकाळपर्यंत काढ. जुने पत्ते ताईंच्या छोट्या फंक्शनकडे नेणारी एकच ओळ आहे, काढायला वेळ तो काय लागणार. नाही काढली तर मीही दुसऱ्या कामावर, किंवा घरी. वेबसाइटच्या लॉगमधल्या नोंदींत दिसतंय, आत्ताच जुन्या लिंकवरून कुणीतरी आपला रिपोर्ट उघडला.

साहेबांचा फोन वाजतोय. ओळ अजून जागेवर आहे.