कारळ्याच्या चटणीची विषपरीक्षा

तिसगाव, ता. पाथर्डी
घटस्थापनेआधीचा सोमवार

चि. कल्याण यास आत्याचे पोटभर आशीर्वाद.

तुझी तब्येत उत्तम असेल असे धरून चालते, कारण तशी नसती तर तुझ्या आईचा फोन मला कधीच आला असता. इकडे आम्ही दोघे बरे आहोत. तुझ्या मामांचा रक्तदाब होता तिथेच आहे आणि त्यांचे मीठही होते तिथेच आहे. फोन असताना पत्र का, असे तू मनात म्हणशील. फोनवर तू ‘हो आत्या, हो आत्या’ करत दोन मिनिटांत निसटतोस, आणि मागच्या वेळी जे सांगितलेस त्यातले अर्धे मला कळले नाही व उरलेल्या अर्ध्याने इथे गोंधळ माजवला. कागदावरचे निदान पुन्हा वाचता येते. मी रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले आणि जन्मभर शाळेत विज्ञान शिकवले. निळा लिटमस लाल झाला की आम्ल, संपला विषय. तुम्हा औषधे तपासणाऱ्यांच्या विषशास्त्रात कुठलाच विषय संपताना दिसत नाही.

आमचा बचत गट तुला माहीत आहे. मी त्याची अध्यक्ष (निवृत्त बाईला गावात दुसरे काय करू देतात?). आम्ही कारळ्याची चटणी करतो. पुण्याच्या एका मोठ्या दुकानाने ती दरमहा घ्यायचे कबूल केले आहे. अट एकच, दसऱ्याच्या आत प्रयोगशाळेचा दाखला हवा. आता तू म्हणशील, चटणी आज नाही गेली तर उद्या जाईल. तसे नाही. चटणीची भाजणी जिच्या हातची असते ती लंकाबाई दर साली दसरा झाला की नवऱ्याबरोबर, म्हणजे बन्सीबरोबर, ऊसतोडीला जाते. यंदा तिची रोहिणी दहावीला आहे. चटणीचे काम लागले तर लंकाबाई गावात राहील आणि पोरगी आपल्या शाळेतून परीक्षेला बसेल. नाही लागले तर मायलेकी दोघी कारखान्याच्या फडात, आणि फडात गेलेल्या किती मुली परत वर्गात येऊन बसल्या ते मी इतकी वर्षे हजेरी घेताना पाहिले आहे. मुकादम गोरक्ष एक दिवसाआड मोटारसायकल उभी करून विचारतो, “काय ठरलं, वैनी?” आणि लंकाबाई माझ्याकडे बघते. तिचे ते बघणे मला मुळीच सोसत नाही.

तर दाखला आला. कीटकनाशकांचा अंश मर्यादेखाली, जड धातू मर्यादेखाली, आणि सर्वांत शेवटी ठळक अक्षरांत: अखाद्य कृत्रिम लाल रंग आढळला, नमुना अयोग्य. मी तो घरापुढच्या ओट्यावर सगळ्यांसमोर मोठ्याने वाचला, ही माझी पहिली चूक. गटातली भागूबाई रंगापर्यंत पोचलीच नाही, ती ‘मर्यादेखाली’पाशीच अडली. “खाली म्हंजी हाय न्हवं? थोडं का व्हईना, इख हायेच की चटनीत!” मग रंगाचे सर्वांच्या लक्षात आले, आणि लाल म्हटल्यावर सगळ्या माना मिरचीकडे वळल्या, म्हणजे पुष्पावतीकडे, कारण बाजारातून मिरची ती आणते. “माझी मिरची लाल हाय म्हनून मी चोर व्हय?” एवढे बोलून ती उठली आणि रागाच्या भरात भागूबाईच्या चपला घालून गेली. त्यामुळे भागूबाई विषाचे विसरली, पण तेवढ्यापुरतीच.

शांतता व्हावी म्हणून मी दुसऱ्या दिवशी मात्रेचा पाठ घेतला. जगात निव्वळ विष असे काही नसते, किती घेतले त्यावर सगळे ठरते. मीठ अति झाले तर मीठ मारते, पाणी अति झाले तर पाणीसुद्धा. (हे तुझेच वाक्य. मी फक्त खडूने लिहिले.) मला वाटले बायका सुटकेचा श्वास सोडतील. झाले उलटे. कशालाच घाबरू नका असे मी सांगत होते. त्यांनी ऐकले की सगळ्यालाच घाबरा. वाक्य तर एकच होते! भागूबाईने पाणी निम्म्यावर आणले आणि उन्हात घेरी येऊन माझ्याच ओट्यावर बसली. तुझ्या मामांनी वेगळाच अर्थ काढला. मीठ विष, साखर विष, पाणीही विष, तर मग एकट्या मिठाने काय घोडे मारले आहे, असे म्हणून त्यांनी लोणच्याची बरणी स्वतःकडे ओढली. यात चूक माझी, त्यांची की तुमच्या शास्त्राची, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

मग मी तुला फोन केला. तू सांगितलेस की विषाचा जोर मोजायची जुनी रीत अशी: उंदरांना पदार्थ चढत्या मात्रेने द्यायचा, आणि ज्या मात्रेला निम्मे उंदीर मरतात तो आकडा शरीराच्या दर किलोमागे लिहून ठेवायचा. आता ही रीत पुष्कळ कमी झाली, असेही तू म्हणालास, पण ओट्यावर सांगताना मी तिथवर पोचलेच नाही. लंकाबाईने मध्येच विचारले, “निम्मे कोनचे, बाई?” कोणतेही, मी म्हटले. “आन् ऱ्हाइलेले निम्मे?” ते जगतात. “मंग त्यांच्यासाठी ते इख न्हाई का?” कल्याण, मी वर्गात कधी अडले नाही. फळा पुसायच्या निमित्ताने पाठ फिरवायची सोय मात्र ओट्यावर नाही.

उंदीर गावात रगड, पण बोलावल्या वेळी येत नाहीत. बन्सी म्हणाला, कोंबड्या घ्या. (निम्म्या मरायला हव्यात हे त्याला कुणी सांगितले नव्हते.) प्रयोग मी रीतसर मांडला. दोन कोंबड्यांना भाकरीत कालवून चटणी, दोघींना नुसती भाकरी. पाणी तेच, खुराडे तेच, ओळखायला पायाला चिंधी. किराणा दुकानाच्या काट्यावर त्यांना तोलून मात्रा काढली. दुकानदाराने काटा धुऊन मागितला तो भाग सोडून दे. चटणीवाल्या दोघी टुणटुणीत राहिल्या. नुसती भाकरी खाणाऱ्यांपैकी एक मुंगसाने नेली. आता यात विषाचा काय संबंध? पण आकडा बघितलास का? चटणी न खाणाऱ्या बरोबर निम्म्या मेल्या! भागूबाईने दाखला आल्यापासून चटणी सोडली होती, ती त्याच दुपारी ताटभर खाऊन मोकळी झाली. मुंगूस हा अपघात आहे, मी म्हटले. त्यावर बन्सी शांतपणे म्हणाला, “व्हय बाई, पन मुंगसानं चटनीवालीला का सोडलं?” तुमच्या ग्रंथांत मुंगसाची काही सोय असेल तर कळव. चटणीवालीचे अंडे तिखट लागते असे तुझ्या मामांचे म्हणणे आहे, ते मी प्रयोगात धरलेले नाही.

पुढच्या फोनवर तू हसलास (मला ऐकू येते) आणि म्हणालास की पक्ष्यांना मिरचीचा तिखटपणा लागतच नाही, तेव्हा चटणीच्या बाबतीत कोंबडीची साक्ष कच्ची. शिवाय चार दिवस जगली म्हणजे फक्त तात्काळ विष नाही एवढेच कळते, सावकाश भिनणाऱ्यासाठी महिनोन्महिने खाऊ घालावे लागते. (“आम्ही लग्न झाल्यापासून खातोय, आमची कुणी नोंद ठेवली?” इति तुझे मामा.) आणि प्राण्यावरून माणसाची मर्यादा काढताना दहाने भागतात, कारण उंदीर वेगळा माणूस वेगळा, पुन्हा दहाने भागतात, कारण माणूसही माणसासारखा नसतो. हे एवढे मात्र बायकांना एका दमात पटले. लंकाबाई म्हणाली, “धाच? माझ्यात न् माझ्या जावंत ईस पट तरी फरक हाय.”

इतके सगळे झाल्यावर मी ते करायला बसले जे पहिल्या दिवशी करायला हवे होते. दाखल्याचे शेवटचे पान उलटले. तिथे नमुना पोचला तेव्हा काढलेला फोटो होता. आमचीच बरणी, आणि झाकणावर हळद-कुंकवाचा डोंगर! आपल्याकडे पहिली खेप पूजा केल्याशिवाय घराबाहेर पडत नाही, हे तुला सांगायला नको. गटातल्या प्रत्येकीने चिमूट-चिमूट वाहिले होते. झाकण सैल, तिकडे उघडताना कुंकू सरळ चटणीत उतरले असणार. बाजारी कुंकू हळदीचे नसते, रंगाचे असते, हे मीच आठवीच्या मुलांना शिकवत आले. आणि पहिले बोट कुणाचे होते म्हणतोस? अध्यक्षांचे. वाऱ्याने उडू नये म्हणून ते चांगले दाबूनही बसवले होते.

मी पुष्पावतीच्या घरी स्वतः गेले. तिने आधी मला चहा दिला, मग भागूबाईच्या चपला दिल्या, मग पाऊण तास ऐकवले. मी ऐकले. पण गोंधळ मिटला असे समजू नकोस. भागूबाईने आता विचारले आहे की जो रंग पोटात चालत नाही तो कपाळावर जन्मभर कसा चालला? मी म्हटले, मार्ग वेगळा; कातडीतून शिरणे वेगळे, पोटातून वेगळे. “म्हंजी चालतंय?” मला ठामपणे हो म्हणवेना, नाही तर मुळीच म्हणवेना. तू सांग. आणि दुसरी बरणी पूजेशिवाय धाडायला एकही तयार नव्हती. शेवटी बरणी माझ्या खोलीत बंद करून मेण लावले आणि पूजा ओट्यावरच्या मिक्सरची केली. मिक्सरला काही झाले तर ते पुढे बघू.

अडचण अशी की ती प्रयोगशाळा आता दसऱ्यानंतरचीच तारीख देते. तुमच्याकडे औषधे तपासतात, चटण्या नाही, हे मला समजते. पण तुझ्या ओळखीत अन्न तपासणारे कुणी असेल तर शक्य असल्यास त्यांच्याकडे सोबतची बरणी रीतसर दे. पास करा असे मी म्हणत नाही. फक्त दसऱ्याआधी तपासा एवढेच म्हणते. सूनबाईला आशीर्वाद. जेवणाच्या वेळा पाळत जा.

तुझी,
मुक्ता आत्या

ता.क. मेणाची बरणी तपासायला आहे, स्टीलचा डबा तुम्हाला खायला. अदलाबदल करू नकोस. डब्यातली चटणी उंदरांना देऊ नकोस, त्यांची तेवढी योग्यता नाही.

ता.क. डब्यात मीठ जरा जास्त वाटेल. मामांनी भरला आहे.

ता.क. पाकीट चिकटवणार एवढ्यात लंकाबाई आली. काय लिहिले ते तिने वाचून घेतले आणि म्हणाली, “गोरक्षला कालच न्हाई म्हनून सांगितलं, बाई. त्यानं तोडीला दुसरी जोडी धरली.” मी ओरडले, दाखला यायच्या आधीच? तर म्हणते, “भाजनी माझी हाय. ती मला म्हाईत हाय.” आता तिला परत जायला जागा उरलेली नाही. तेव्हा वर ‘शक्य असल्यास’ असे जे लिहिले आहे, ते खोडलेले समज.